मोठ्या प्रेसची खंडेनवमी

पाटावर अक्षता टाकून झाल्या आणि मग उत्तराबाईंना दिसलं, की पाटाच्या कडेला श्रेयसच्या ट्रेलरच्या किल्ल्या आहेत.

तशा त्या दर वर्षी असत. खंडेनवमीला या घरात ज्याची भाकरी ज्याच्यावर, ते त्यानं पाटावर आणून ठेवायचं. थोरल्या आल्हादचा मायक्रोमीटर आणि पान्हे, त्याच्या बायकोची, आभाची शिवणाची कात्री, रोहिणीचा कॅल्क्युलेटर, उत्तराबाईंचा तारेचा चिमटा. चिमटा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी पाटावरची पहिली जागा अजून त्याचीच होती. यंदा मात्र श्रेयसनं सकाळीच अंबडहून फोन केला होता. "आई, माझं काही ठेवू नकोस. गाड्यांची पूजा मी यार्डातच करतो." का, ते त्यांनी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. सातपूर कॉलनीत ते सगळ्यांना ठाऊक होतं. उद्या दसरा. आल्हादच्या कंपनीला सुट्टी, गेटवर कोणी नाही. सकाळी श्रेयस खैरनारचा ट्रेलर आत जाणार होता आणि प्रेस शॉपमधली, पत्रे दाबणारी मोठी प्रेस घेऊन बाहेर पडणार होता.

आणि पुजलेलं हत्यार दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत उचलायचं नाही, हा या घराचा नियम होता.

"रोहिणी!"

धाकटी सून पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"ह्या किल्ल्या कोणी ठेवल्या?"

"मी."

"पर्समधून चुकून आल्या का?"

"नाही, आई. चुकून नाही." रोहिणीनं त्यांच्याकडे सरळ बघितलं. "तुम्ही अक्षता टाकेपर्यंत मुद्दामच बोलले नाही."

"त्याला माहीत आहे?"

"कळेल आता. जेवायलाच येतायत."

उत्तराबाईंना हसू आलं, ते त्यांनी गिळलं. या मुलीचा बाप याच रस्त्यावरच्या एका फाउंड्रीत होता. फाउंड्री बंद पडली तेव्हा त्याला गेटवरच्या कुलपावरून कळलं. ते तिनं कधी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं.

त्या पाटासमोरून उठल्या नाहीत. खंडेनवमी म्हटलं की त्यांना आधी बांगड्यांचा आवाज आठवायचा. त्याच कंपनीच्या वाइंडिंग सेक्शनमध्ये सगळ्या बायकाच होत्या. केसासारखी बारीक तांब्याची तार कॉइलवर गुंडाळायची, आणि ती बांगडीत अडकते म्हणून गेटवरच बांगड्या काढून डब्यात ठेवायला लागायच्या. नव्या लग्नाच्या मुली सुरुवातीला रडायच्या. वर्षातून एकच दिवस, खंडेनवमीला, यंत्रं बंद असायची आणि बांगड्या घालून आत जाता यायचं. त्याच दिवशी घरच्यांसाठीही गेट उघडायचं. सासवा यायच्या, पोरं यायची, आणि सगळ्यांना पहिल्यांदा मोठी प्रेस बघायची असायची. ती शेडच्या आधी आली होती. आधी पाया खणला, मग प्रेस बसवली, मग तिच्याभोवती भिंती उभ्या राहिल्या. उत्तराबाईंचे यजमान शामसुंदर तिचे पहिले ऑपरेटर. ते गेल्यावर त्यांच्या जागी आल्हाद त्याच प्रेसवर लागला.

तेव्हा सकाळच्या पाळीला सायकलींची अशी दाटी व्हायची, की त्र्यंबकला निघालेली एसटी मागे रखडायची. आतले यात्रेकरू खिडकीतून डोकी काढून बघायचे, की ही कसली जत्रा. आता त्याच रस्त्यावर एका शेडमध्ये मंगल कार्यालय होतं, एकीत गाड्यांचं शोरूम, एकीत ऑनलाइन मालाचं गोदाम. भोंगे एकेक करून बंद झाले. शेवटचा कोणत्या दिवशी वाजला, हे कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

त्यांच्या कंपनीचंही तसंच, हळूहळू झालं. मालकी बदलली. मग माल दुसऱ्या राज्यातल्या नव्या प्लँटमध्ये निघू लागला. मग कंत्राटी पोरं गेली, मग स्वेच्छानिवृत्तीचे, व्हीआरएसचे कागद आले. बहुतेकांनी सह्या केल्या. आल्हादनं आणि थोड्या जणांनी केल्या नाहीत. ते कोर्टात गेले होते, आणि तारीख दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती. वकिलानं आल्हादला स्पष्ट सांगितलं होतं, "मोठी प्रेस जागेवर असेल तर मला स्टे मागता येईल. ती गेली की कोर्ट विचारणार, बाबांनो, चालवणार काय?"

*

श्रेयस आला तो फोनवर बोलत, एका हातानं बुटाची नाडी सोडत. "हो सर. सकाळीच. हायड्रा क्रेन महेबूबची आहे, तो येतोच आहे बोलायला." फोन खिशात टाकून तो वळला आणि त्याची नजर पाटावर गेली.

दादा खिडकीपाशी बसला होता, कपाळाला कुंकू, शर्टवर गुलालाचा डाग. आई पाटापाशी.

"ह्या कोणी आणल्या?"

"मी," रोहिणी म्हणाली.

"मी सांगितलं होतं ना, की यंदा..."

"मला कुठे सांगितलं? आईंना सांगितलं होतं."

"रोहिणी, चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाही. डुप्लिकेट ऑफिसात आहेत, खालच्या ड्रॉवरमध्ये. लपवायच्या असत्या तर त्याही लपवल्या असत्या. जायचं तर जा. पण ह्या घरातून उचलून नाही."

"घे की," आल्हाद खिडकीतून बाहेर बघत म्हणाला. "तुला कोणी अडवलंय? नियम आमच्यासारख्या रिकामटेकड्यांना. तू शेठ माणूस."

"दादा, तू मध्ये बोलू नकोस."

"का? उद्या माझ्याच प्रेसला हुक लावणार ना?"

"तुझी प्रेस? कंपनीची प्रेस आहे ती! तुला कळत कसं नाही? ती जाणार आहे. मी नाही म्हटलं तर भिवंडीहून कोणीतरी येईल. त्याला ते नुसतं लोखंड. ओढून काढेल, पाया फोडेल. मी निदान नीट नेईन."

"वा! म्हणजे खांदा द्यायला घरचाच माणूस."

श्रेयसची कानशिलं तापली. "बोल. अजून बोल. एका घरातून एकालाच घेतात म्हणून बाबांची जागा तुला मिळाली. मी तेव्हा एक शब्द बोललो? पिंपळगावला कांद्याचा टेम्पो चालवला. पहाटे मार्केटला उभा राहिलो. द्राक्षाच्या सीझनला पॅकहाउसबाहेर गाडीत झोपलो. आज माझ्याकडे पोरं कामाला आहेत, दादा. याच रस्त्यावरच्या कामगारांची पोरं. तुझी कंपनी त्यांना घेणार नव्हती. मी घेतली. हे काम नीट झालं की नव्या प्लँटची सगळी वाहतूक माझ्याकडे येणार आहे."

"कशावरून?"

"कंपनीच्या साहेबांनी शब्द दिलाय."

आल्हाद आता हसला, मनापासून. "आम्हालाही दिला होता. प्लँट वाढवणार म्हणून. पेढे वाटले होते."

"तारीख कोणी काढली?" आईनं मध्येच विचारलं.

"कसली?"

"दसऱ्याला मशीन हलवायची. त्या साहेबानं?"

"मी सुचवली. सुट्टी असते. गेटवर गर्दी नसते."

"आणि आदल्या दिवशी काय असतं, ते आठवलं नाही?"

श्रेयसला खरंच आठवलं नव्हतं. त्यानं मोबाइलवर सुट्ट्या बघितल्या होत्या आणि ज्या दिवशी रस्ता मोकळा मिळेल तो दिवस सांगितला होता. साहेब बाहेरच्या राज्यातला, त्याला काय कळणार. पण स्वतः त्यानं लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून त्या प्रेसच्या माथ्यावर झेंडूची माळ टाकली होती. धंद्याच्या घाईत माणूस काय काय विसरतो, याचं त्याला आश्चर्य वाटलं. पण ते कबूल करण्याची ही वेळ नव्हती.

"आज आत पूजा झाली," आल्हाद म्हणाला. "घरच्यांना यंदा बंदी होती. आम्ही होतो तेवढेच. प्रेसला हार घातला, नारळ फोडला, सगळ्या शॉपनं पाहिलं. पुजलेली प्रेस उद्या कोण हलवतो ते बघायला मी गेटवर असेन."

"मीही असेन," आई म्हणाली. "वाइंडिंगच्या सगळ्या येतायत. नवसाबाई तर गुडघ्याला पट्टा बांधून येणार आहे."

"म्हणजे मी काय करायचं?" श्रेयसचा आवाज चढला. "आईच्या अंगावर ट्रेलर घालायचा?"

"तुला घालायचा असेल तर घाल," आई शांतपणे म्हणाली. "मी बाजूला होणार नाही, एवढंच सांगते."

*

आभा तव्यासमोर उभी होती आणि बाहेरचा प्रत्येक शब्द तिला ऐकू येत होता. पुरणपोळी उलटायची वेळ झाली होती, पण उलथनं तिच्या हातातच राहिलं.

श्रेयसभाऊजी सांगत नव्हते. कालही त्यांनी सांगितलं नसतं आणि आजही सांगणार नव्हते. सगळं स्वतःवर घेऊन बसले होते. दीर म्हणून ते तिला नेहमीच आवडायचे, पण त्यांच्या या गप्प राहण्यानं आज तिला लाज वाटली.

पाच-सहा महिने झाले, आल्हाद रोज डबा घेऊन निघायचे आणि बंद यंत्रांपाशी बसून यायचे. काम नव्हतं, पण हजेरी लावायची, नाहीतर कंपनी म्हणणार हे स्वतःहून गेले. रात्री झोपेत त्यांची मूठ आवळलेली असायची. ती उघडायला गेली की ते दचकून उठायचे. लेक तेजल पुण्यात शिकत होती. तिनं फोनवर विचारलं की आभा म्हणायची, सगळं ठीक आहे. व्हीआरएस कोर्टाच्या तारखेच्या संध्याकाळपर्यंतच खुली होती. केस हरली आणि त्या दिवशी सही झाली नाही, तर तेवढंही मिळायचं नाही.

ती बाहेर आली. उलथनं हातातच होतं.

"भाऊजींना काही बोलू नका," ती म्हणाली. "हे काम घ्या, असं मी त्यांना सांगितलं."

आल्हादनं मान वळवली. "काय?"

"त्यांनी दोनदा नाही म्हटलं होतं. मीच पुन्हा फोन केला. म्हटलं, कोणीतरी नेणारच आहे, तर तुम्ही न्या आणि लवकर न्या."

"वहिनी, जाऊ दे ना," श्रेयस पुटपुटला.

"का जाऊ दे? तुम्ही का शिव्या खायच्या?"

स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. "अगंबाई!" म्हणत रोहिणी आत धावली. उत्तराबाईंनी एकदा मोठ्या सुनेकडे बघितलं, एकदा आतल्या धाकटीकडे. दोघी गेले काही महिने स्वयंपाकघरात एवढ्या गोडीनं का वागत होत्या, ते त्यांना आता समजलं. प्रत्येकीला दुसरीच्या नवऱ्याचं पटत होतं.

*

आल्हादला आधी राग आला नाही. आधी त्याला असं वाटलं, की प्रेस चालू असताना कोणी मागून हाक मारली आणि आवाजात ती ऐकू आली नाही, असं काहीतरी बरेच दिवस चाललं होतं.

"मला विचारायचंस," तो म्हणाला.

"विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, बाबा असते तर त्यांनी सही केली नसती." आभा एक पाऊल पुढे आली. "बाबा नाहीत. मी आहे. तुम्ही तिथे गेटवर वाट बघता. मी इथे कशाची वाट बघते, माहीत आहे? कोणीतरी हे संपवेल याची. म्हटलं, ते मशीन एकदा डोळ्यांसमोरून गेलं की तुम्ही घरी याल."

"आणि बाकीचे? त्यांनीही माझ्याकडे बघूनच सही केली नाही. मी त्यांना काय सांगू? माझ्या बायकोनं भावाकडून मशीन उचलवलं?"

"सांगा. मला काही वाटणार नाही."

"मला वाटेल!" तो उभा राहिला. खुर्ची मागे सरकली. "इतकी वर्षं त्या शॉपमध्ये मान वर करून वागलो. चोरून कधी एक वॉशर घरी आणला नाही. आणि आमच्याच घरातून, सुट्टीच्या दिवशी, मागच्या दारानं..."

"आल्हाद, बस," आई म्हणाली.

तो बसला नाही, पण बोलायचा थांबला.

"तुझे बाबा असते तर त्यांनी सही केली असती," आई म्हणाली.

खोलीत सगळ्यांनीच तिच्याकडे बघितलं. रोहिणीही दारात येऊन उभी राहिली.

"मोठा संप झाला तेव्हा मी याच घरात होते. दोघंही कामावर नाही, चूल कशीबशी. शेवटपर्यंत लढायचं, असं म्हणणारे पुष्कळ होते. तुझे बाबा म्हणाले, निवाडा लागेपर्यंत लढायचं. निवाडा विरुद्ध गेला, दुसऱ्या दिवशी हे डबा घेऊन कामावर. लोक काय काय बोलले. मी विचारलं, तर म्हणाले, 'उत्तरा, मी हट्टी आहे, वेडा नाही.'" तिनं निरांजनाची वात पुढे सारली. "मला काय, ती प्रेस तिथेच राहावी असं वाटतं. पण ते माझं म्हातारीचं वाटणं. सोडून द्या. मला एवढंच पाहिजे, की कोर्टानं विचारलं, मशीन कुठे आहे, तर वकिलाला म्हणता यावं, जागेवर आहे. बास. मग काय निकाल लागायचा तो लागो. हरायचंच असेल तर लोकांदेखत हरा. घरच्या गाडीवरून चोरासारखं नको."

मग श्रेयसनं विचारलं, "आणि हरलात तर?"

प्रश्न आईला नव्हता. आल्हादला ते कळलं.

"हरलात तर प्रेस मीच नेणार," श्रेयस म्हणाला. "भिवंडीवाला नाही, मी. आणि दादा, तू आत येशील. पायाचे बोल्ट तू काढायचेस. माझ्या गाडीपुढे आडवं पडायचं नाही, घोषणा द्यायच्या नाहीत."

"आणि त्याच दिवशी सही," आभा म्हणाली.

"वहिनी, तुम्ही लय पक्क्या," रोहिणी म्हणाली, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा आभाच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

आल्हादनं स्वतःचे तळहात बघितले. बाबांच्या नंतर त्याच पायाशी तो इतकी वर्षं उभा राहिला होता. त्या बोल्टना आजवर कोणी पान्हा लावलेला त्यानं पाहिला नव्हता. ते काढण्याची कल्पना त्यानं कधी मनात येऊ दिली नव्हती. आता आली. आणि आश्चर्य म्हणजे त्याला ती झेपली.

"येईन," तो म्हणाला.

"आणि सही?"

"करीन. पण हरलो तर. आज नाही आणि उद्याही नाही." त्यानं आभाकडे बघितलं. "आणि जिंकलो तर?"

"जिंकलात तर डबा भरीन," ती म्हणाली. "रोजच भरते."

"थांबा, थांबा," श्रेयस म्हणाला. "तुम्ही सगळं ठरवून मोकळे झालात. मी उद्याचं अजून काही म्हटलेलं नाही. साहेबाला शब्द मी दिलाय, तुम्ही नाही."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जोराचा हॉर्न वाजला, आणि पाठोपाठ इंजिनाची घरघर इतकी जवळ आली की कपाटातली भांडी वाजायला लागली.

*

महेबूबची पिवळी हायड्रा गल्लीत शिरली की दोन्ही बाजूंना हातभरच जागा उरायची. केबिनवर झेंडूचा हार होता आणि पुढच्या बंपरला लिंबू-मिरची. एमआयडीसीत जड काही उचलायचं असलं की ही क्रेन लागायचीच. दर खंडेनवमीला तो ती उत्तराबाईंच्या दारात आणायचा. पहिली क्रेन घेतली तेव्हा त्यांनी तिला कुंकू लावलं होतं आणि ते वर्ष चांगलं गेलं. तेव्हापासून त्यानं ते मोडलं नव्हतं. मशिदीतले कोणी चेष्टा करायचे, तर तो म्हणायचा, "मला काय, मशीनला विचारा."

तो केबिनमधून उतरला नाही. इंजिन चालू ठेवूनच खाली वाकला.

"काकू, सलाम. श्रेयसशेठ, एक विचारायचं होतं. म्हणून आधी थांबलो."

"विचार."

"सकाळचं काम पक्कं असेल तर यंदा पूजा नको करू या. काकूंच्या हातचं कुंकू लागलं की मी सोनं वाटेपर्यंत लिव्हरला हात लावत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. दुसरी हायड्रा बघायची म्हणाल, तर सातपूर काय नि अंबड काय, आज सगळ्यांच्या गळ्यात हार पडलेत. मी येता येता बघत आलो." त्यानं टोपी मागे सरकवली. "तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. बोला. काकूंना पुढे येऊ देऊ का नको?"

गल्लीतल्या बायका दारात आल्या होत्या. समोरच्या घरातून हिरामणतात्या, ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले, वर्तमानपत्र हातात घेऊन बाहेर येऊन उभे राहिले. उत्तराबाई उंबऱ्यावर होत्या. त्या पुढे गेल्या नाहीत. त्यांनी मुलाकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर तो त्यांच्यासाठी थांबला असं झालं असतं, आणि ते त्यांना नको होतं.

श्रेयसचा फोन वाजला. त्यानं नाव बघितलं. वाजू दिला. मग उचलला.

"हां सर." तो गल्लीतच उभा होता, सगळ्यांसमोर. "नाही सर, उद्या नाही होणार... नाही, गाडीला काही झालेलं नाही. गाडी पुजलीय... सर, तुमच्याकडे नसेल, आमच्याकडे असतं." पलीकडचा आवाज इंजिनाच्या घरघरीतूनही ऐकू येत होता. श्रेयसनं फोन कानापासून थोडा लांब धरला. "परवा कोर्टात काय होतं ते बघू. ऑर्डर तुमच्या बाजूनं लागली तर त्याच संध्याकाळी मी भरून देतो, एक ओरखडा न येता. नाही लागली तर मी हात लावणार नाही... नव्या प्लँटचं? माहीत आहे सर, काय म्हणाला होतात ते... हो. दुसरा बघायचा तर बघा. बघा ना."

फोन बंद झाला, की त्यानं केला, हे कोणाला कळलं नाही. त्यानं तो खिशात ठेवायचा प्रयत्न केला, पहिल्यांदा खिसा सापडला नाही.

रोहिणी दोन पावलं पुढे आली. "गेलं?"

"गेलं."

"बरं," ती म्हणाली. "बघू. द्राक्षाचा सीझन येतोच आहे."

श्रेयसनं तिच्याकडे बघून मान हलवली. मग तो क्रेनच्या पुढे जाऊन उभा राहिला, हात वर केला आणि तळवा जमिनीकडे करून हळूहळू खाली हलवायला लागला, जसा तो रोज कुठल्या ना कुठल्या शेडमध्ये हलवायचा. महेबूबनं लिव्हर ओढलं. बूमच्या, क्रेनच्या लांब हाताच्या टोकाचा हुक दोरावरून खाली यायला लागला. श्रेयसचा हात चालू होता. अजून, अजून. आईच्या कपाळाच्या उंचीवर हुक आला तेव्हा त्यानं मूठ आवळली. हुक थांबला, थोडा झुलला आणि स्थिर झाला.

ताट घेऊन आभा बाहेर आली होती. तिनं ते सासूच्या हातात दिलं.

"आटपा लवकर," ती म्हणाली. "पोळ्या गार होतायत. एक तर आधीच करपलीय."

उत्तराबाईंनी हुकाला हळद लावली, कुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या. ग्रीसवर कुंकू चटकन बसलं, पुसूनही निघालं नसतं. महेबूबनं इंजिन बंद केलं. एवढा वेळ सगळे मोठ्यानं बोलत होते, ते एकदम लक्षात आलं.

"आता ही इथेच उभी राहणार," तो खाली उडी मारून म्हणाला. "उद्या संध्याकाळपर्यंत गल्लीतून चारचाकी जाणार नाही. हिरामणतात्या, सॉरी."

"जाऊ दे रे," तात्या म्हणाले. "मला कुठे जायचंय?"

"माझी गाडी आत राहिली," श्रेयसच्या आता लक्षात आलं.

"मग राहा आज इथेच," आई म्हणाली आणि ताट घेऊन आत गेली. महेबूबला म्हणाली, "तूही जेवून जा. पुरणाचं आहे."

आल्हाद हायड्राच्या टायरला टेकून उभा होता. भाऊ जवळ आला तेव्हा त्यानं जागा करून दिली.

"उद्या सकाळी चल माझ्याबरोबर गेटवर," आल्हाद म्हणाला.

"मी कशाला? ट्रेलर येणार नाहीये आता."

"येणार नाहीये, ते कोणीतरी बघायला नको? दुसरा कोणी आणला तर?"

श्रेयसनं मान खाली घालून घाईत पायात सरकवलेल्या दादाच्या चपलांकडे बघितलं. त्या गेटमधून तो आजवर कधी कामासाठी गेला नव्हता.

"किती वाजता?"

"पहिल्या पाळीला," आल्हाद म्हणाला.